करडईच्या तेलाचं देणं

वडिलांची बदली राळेगावला झाली तेव्हा मी सातवीत होते. भाड्याने मिळालेल्या दोन खोल्यांच्या मागे एक तेलघाणी होती. लोक आपापल्या शेतातला तीळ, जवस, करडई घेऊन यायचे, तेल डब्यात भरून न्यायचे आणि ढेप गुरांसाठी पोत्यात. बैल जाऊन मोटर आली होती, पण उखळ आणि लाट लाकडाचीच होती. घाणीवर बसणाऱ्या बाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून मीही काकू म्हणू लागले. त्वचेची निगा कशी राखायची हे मला आज जेवढं समजतं, त्याचा पाया या काकूंनी घातला. पुढे मी परिचारिका झाले, पुस्तकं वाचली, डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. त्या सगळ्या शिक्षणाने मला काकूंच्या सांगण्यामागची कारणं तेवढी दिली.

राळेगावची थंडी कोरडी. दिवाळी झाली की वारा सुटतो, दुपारी ऊन चटकतं आणि रात्री दोन पांघरुणं लागतात. कापूस वेचणीचेही हेच दिवस. वेचून परतणाऱ्या बायांचे हात वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले असायचे, गाल आणि ओठ उललेले. माझे गाल तर शेतात न जाताही उलायचे. पांढुरके चट्टे पडायचे, हसलं की कातडी ताणायची, तोंड धुतलं की चुरचुर व्हायची. घरात खोबरेल होतं, पण ते थंडीत बाटलीतच गोठायचं, आणि लावलं की तोंड तासभर तेलकट राहून शाळेच्या मैदानातली सगळी धूळ त्यावर बसायची. आईने बाजारातून एक सुगंधी क्रीम आणलं. त्याने गाल लाल होऊन आग व्हायला लागली.

एका सकाळी मी मागच्या नळावर तोंड धूत होते. काकूंनी घाणीतूनच हाक मारली. "काऊन वं पोरी, गाल कायचे उलले तुह्ये?" मी टॉवेल घ्यायला वळले तर म्हणाल्या, "पुसू नको पुरतं. वलं ऱ्हाऊ दे." तिथल्या पितळी भांड्यात निवळत ठेवलेल्या करडईच्या तेलाचे दोन थेंब त्यांनी माझ्या तळहातावर घातले, दोन्ही तळवे एकमेकांवर घासायला लावले आणि ओल्या गालांवर नुसते दाबायला सांगितले. चोळायचं नाही, दाबायचं. थोड्या वेळाने मी गालाला हात लावला. तेल हाताला लागत नव्हतं आणि कातडी मऊ झाली होती.

मी आणखी मागितलं तेव्हा त्यांनी दिलं नाही. "दोन थेंब पुरे. जास्त लावशीन त धूळ चिकटते." त्यांच्या घरात या तेलाचे नियम ठरलेले होते आणि एकेक करून ते मला मिळत गेले. तेल ताज्या घाण्याचं हवं. बाटली लहान हवी आणि उन्हापासून लांब, फडताळात ठेवायला हवी. खवट वास आला तर ते तोंडाला लावायचं नाही, दिव्याला वापरायचं. नव्या माणसाने पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहायची. चिघळलेल्या जागेवर तेल घालायचं नाही, दवाखान्यात जायचं. हे सांगणाऱ्या बाईंची शाळा चौथीत सुटली होती.

करडईच का, हेही त्यांनीच मला दाखवलं. घाणीवर जी तेलं निघत त्यांचा एकेक थेंब त्यांनी माझ्या मनगटावर ओळीने लावला. तिळाचं जड आणि उष्ण वाटलं. जवसाचं लवकर चिकट झालं आणि त्याचा वासही राहिला. जवसाचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगकामात वापरतात. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, एका मावशींनी आणून दिलेलं मोहाच्या बियांचं तेल डब्यात तुपासारखं थिजलेलं होतं. भेगाळलेल्या टाचांना त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पण चेहऱ्याला ते जड. करडईचं मात्र पसरलं आणि बसलं. टाचेला मोह, केसाला तीळ, तोंडाला करडई, अशी त्यांची वाटणी होती.

ती करडई काकूंच्या स्वतःच्या शेतातली होती, आणि ते शेत त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं, याचा त्यांना फार अभिमान होता. नव्वदच्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला होता. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करून द्यावा, असं त्यात आवाहन होतं. काकांनी रावेरीच्या वाटेवरचा जमिनीचा एक तुकडा तेव्हा काकूंच्या नावे केला. त्याच रावेरीत सीतेचं जुनं मंदिर आहे. त्यात राम नाही, एकटी सीता आहे. लवकुशांना घेऊन राहणाऱ्या सीतेला गावाने मूठभर गहू नाकारले, अशी तिथली कथा. या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठीही जोशींनीच पुढाकार घेतला. काकू मला तिथे घेऊन गेल्या होत्या. परतताना त्यांनी आपल्या शेताच्या बांधावर उभं राहून सातबारा सांगितला, गट नंबरासकट.

त्या शेतात पऱ्हाटी आणि तूर होतीच, पण एका पट्ट्यात रब्बीची करडई असायचीच. पावसाळा सरताना पेरायची, जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. मुळं खोल जातात, म्हणून पाणी न देताही काळ्या जमिनीत ती तग धरते. कोवळी असताना तिची भाजी होते. डाळ घालून केलेली ती भाजी मी काकूंच्या ताटात कितीतरी वेळा खाल्ली. मोठी झाली की काटे येतात आणि गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून पूर्वी गव्हाच्या आणि ज्वारीच्या कडेने करडईचे तास टाकायचे. फुलं आधी पिवळी, मग केशरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, तीही पहाटे, कारण दवाने काटे थोडे मऊ पडतात. हातांना फडकी गुंडाळून बाया कापायच्या, तरी बोटं रक्ताळायची. माझ्या गालावरच्या दोन थेंबांमागे कोणाची बोटं होती ते मला तिथे कळलं.

बारावीनंतर मी नर्सिंग शिकायला वर्ध्याला गेले. राळेगावहून वर्धा नदी ओलांडली की तो जिल्हा लागतो. तिथे मगनवाडीत मगन संग्रहालय पाहिलं आणि काकूंच्या घाणीचे पूर्वज मला भेटले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेत 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू केलं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इथेच झवेरभाई पटेल यांनी गावोगावच्या तेलघाण्या अभ्यासून सुधारलेली घाणी तयार केली. बैलाला ओढायला सोपी जावी आणि त्याच बियांतून जास्त तेल निघावं, हा त्यांचा ध्यास होता. गिरण्यांच्या तेलापुढे गावचा तेलकार टिकावा म्हणून एवढी माणसं झटली होती. मी ज्या भांड्यातलं तेल लावत होते त्या भांड्यापर्यंत त्यांचेही हात पोचले होते. देणं एका काकूंचं आहे असं मी समजत होते. ते किती मागे जातं हे त्या दिवशी दिसलं.

कारणंही मग हळूहळू सापडली. आपल्याकडच्या पारंपरिक करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलिक आम्ल असतं. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. 1929-30 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशाविना आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीला खवले पडले. लिनोलिक आम्ल दिल्यावर ती सुधारली. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर भिंतीसारखा आहे: मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्या मधोमध स्निग्ध पदार्थांचा गारा. या गाऱ्यातल्या काही महत्त्वाच्या घटकांच्या घडणीत लिनोलिक आम्ल लागतं. गारा सुटला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं चुरचुरणारं आत शिरतं. कोरड्या थंडीत माझ्या गालांचं नेमकं हेच होत होतं.

तेलात पाणी नसतं, त्यामुळे तेल त्वचेला ओल देत नाही. असलेली ओल जाऊ देत नाही. म्हणून "वलं ऱ्हाऊ दे" हा नियम सगळ्यात मोठा. पुसून कोरड्या केलेल्या गालावर तेच तेल तेवढं काम करत नाही. लिनोलिक आम्ल हवा, उजेड आणि उष्णतेने लवकर बिघडतं, म्हणून लहान बाटली आणि फडताळ. सगळी तेलं त्वचेला सारखी मानवत नाहीत, हेही आता तपासलेलं आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर कमकुवत होताना दिसला, तर लिनोलिक आम्लाने समृद्ध अशा सूर्यफूल तेलाने तो शाबूत राहिला. 2005 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ढाक्याच्या शिशू रुग्णालयातलं काम आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावल्यावर रुग्णालयात होणारे संसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाले होते. सूर्यफूल आणि करडई एकाच कुळातली. तो लेख वाचताना माझ्या डोळ्यांपुढे काकूंचं पितळी भांडं होतं.

नोकरीत मी हे ज्ञान पुढे दिलं. अंथरुणाला खिळलेल्या आजी, थंडीत गाल उललेली लेकरं, दिवसभर उन्हावाऱ्यात राबणाऱ्या बाया, यांना मी डॉक्टरांना विचारून तेच सांगत आले: ओल्या तोंडावर दोन थेंब, दाबून. बहुतेकांना आराम पडला. ज्यांना मुरमं होती किंवा झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या झाडांनी अंगाला खाज येत होती, त्यांना मी थांबवलं. तेल म्हणजे औषध नव्हे, ऊनही ते अडवत नाही, आणि इसब किंवा बुरशीचा चट्टा त्याने बरा होत नाही. हा विवेकही काकूंचाच.

काकू आता नाहीत. शेवटच्या आजारपणात मी राळेगावला गेले होते. आंघोळीनंतर त्यांचं तोंड मी पुरतं पुसलं नाही आणि त्यांच्याच घाणीचं तेल त्यांच्या गालांना लावलं. त्यांनी मला कधी एक पैसा मागितला नव्हता. मी दरवर्षी नेत असलेल्या लुगड्यालाही त्या म्हणायच्या, "हे कायले वं माय, तू तुह्या पोरीले शिकव तेवढं." मी शिकवलं. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिच्या कपाटात लहान काळ्या बाटलीत करडईचं तेल असतं.

पण ते तेल मिळत राहिलं पाहिजे. सोयाबीन आल्यापासून आमच्या भागात करडईचे पट्टे विरळ झाले. काट्यांच्या काढणीला मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. बिनकाट्याच्या जाती आल्या, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आपल्या भागासाठी करडईचे वाण दिले आहेत, हेही खरं आहे. शहरात लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा मागणी आली आहे, मात्र त्यातला पैसा बी पिकवणाऱ्याच्या आणि घाणी चालवणाऱ्याच्या हातात पडला तरच घाणी टिकेल.

म्हणून माझं सांगणं एवढंच. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी रब्बीत करडईचे चार तास तरी पेरावेत. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी आपल्या जवळची घाणी शोधावी, समोर काढलेलं तेल थोडं थोडं घ्यावं आणि त्याचा रास्त भाव न कुरकुरता द्यावा. आणि थंडीत कोणाचे गाल उललेले दिसले, तर जे ठाऊक आहे ते त्याला सांगावं, मोबदला न घेता. काकूंचं देणं फेडायची दुसरी रीत मला माहीत नाही.