काट्यासकट

आईचं माहेर मालवणचं. जबलपुरात पन्नास वर्षं काढूनही ती कोळंबीला सुंगटंच म्हणते. साफ करायला बसली की आधी डोकं मोडते. पुढचा करवतीसारखा काटा, नांग्या, लांबलचक मिशा, सगळं रद्दी कागदावर बाजूला. हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी घरातल्या टाकीतल्या ॲक्सोलॉटलला झिंगे टाकले ते जसेच्या तसे.

हा प्राणी लेकीनं माइनक्राफ्ट या गेममध्ये पाहिला आणि हट्ट धरला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तुरे. नाव ठेवलं बुडबुड. मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतली ही जात तिथे आता जेमतेम उरली आहे. अशा प्राण्यांची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. दुकानदारानं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नोंद केली, पण उशिरा.

बुडबुडचं रोजचं खाणं म्हणजे गांडुळं. मला गांडुळांची किळस. बाजारात नर्मदेचे जिवंत झिंगे मिळाले, बोटाएवढे. नदीतलं ताजं अन्न, याहून चांगलं काय, अशी मीच माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर मला तमाशा दाखवायचा होता. ॲक्सोलॉटल चावत नाही, दात नावापुरतेच. तो झटकन तोंड उघडतो आणि पाण्याबरोबर समोरचं सगळं आत ओढतो. झिंगा दिसेनासा व्हायचा आणि पाहुणे म्हणायचे, ‘अरे, गेला कुठे?’ मग मी आणखी एक टाकायचो.

एका रात्री दोन झिंगे टाकीतच राहिले. झिंगे रात्रीच फिरतात हे माझ्या गावीही नव्हतं. सकाळी बुडबुडचा डावीकडचा एक तुरा कुरतडलेला आणि तो कोपऱ्यात. दुपारी त्यानं एक झिंगा अर्धा गिळला, मान झटकली आणि बाहेर टाकला. त्यानंतर पाच दिवस उपास.

मी दोष दिला उन्हाला. एप्रिल होता, पाणी 27 अंशांवर गेलं होतं आणि याला लागतं 16 ते 18. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पंखा लावला. ते करायलाच हवं होतं, पण त्या धांदलीत बाहेर टाकलेल्या झिंग्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं आईनं. चष्मा सरसावून काचेजवळ वाकली आणि म्हणाली, ‘काट्यासकट दिलंस?’

मी उत्तर दिलं नाही.

आता नदीचे झिंगे बंद. त्यांच्याबरोबर परजीवी जंतू येतात ते वेगळंच. मागच्या व्हरांड्यात एका टबात चेरी श्रिम्प वाढवतो, नखाएवढे. बुडबुडच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठं काही द्यायचं नाही, आणि हे श्रिम्पसुद्धा आठवड्यातून एकदाच. टाकीतली खडीही काढली, कारण घासाबरोबर तीही पोटात जाते. तुरा दोनेक महिन्यांत परत फुटला. ही त्याची करामत, माझी नव्हे.

गांडुळं मीच चिरतो, जुन्या कात्रीनं. परवा पाहुण्यांसमोर लेक म्हणाली, ‘बाबा, झिंगा टाका ना.’ मी गांडूळ काढलं. पाहुणे चहाचे कप उचलून बाहेरच्या खोलीत गेले.