नष्ट होत नाही, तरी दिवा बंद कर!

ए शहाणे,

बर्गनच्या पावसाचं तुझं रडगाणं वाचून हसूच आलं. चिपळूणच्या मुलीने पावसाला कंटाळावं म्हणजे कमालच! इथे अंगणभर शेवाळ, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, आणि आईचं "पंखा बंद कर, दिवा बंद कर" अखंड चालू. त्यात भाचीची नववी. परवा तिने पुस्तकच आजीपुढे धरलं. "ऊर्जा नष्ट होत नाही असं छापलंय बघ. मग राहू दे ना दिवा!" आई निरुत्तर झालेली तू कधी पाहिलीयस? तिने सरळ माझ्याकडे बोट केलं, कारण घरातली बी.एस्सी. मी. (कोणाच्या वहीच्या जोरावर झाले, ते घरी कळवू नकोस.)

मग मी कोयना काढली. पोफळीच्या सहलीत तुझं सगळं लक्ष लाडवांच्या डब्यात होतं, म्हणून तुलाही पुन्हा सांगते. धरण घाटावर, वीजघर कोकणच्या बाजूला, पोफळीला, डोंगराच्या पोटात, मध्ये पाण्याला साधारण पावणेपाचशे मीटरची उतरण. सूर्याने समुद्राचं पाणी वर ओढायचं, पावसाने ते महाबळेश्वराकडच्या डोंगरांवर ओतायचं. वर अडवलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा, कोसळताना ती गतिज, टर्बाइन आणि जनित्र फिरलं की वीज. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट. काम आटोपलं की पाणी वाशिष्ठीला मिळतं आणि आपल्याच गावावरून जातं.

हजार लिटर पाणी पोफळीत उतरलं की खोट वजा जाता एक युनिट आणि वर थोडी वीज मिळते. छताचा पंखा तेरा तास फिरेल एवढी. भाचीची नजर लगेच गच्चीवर. आमची टाकीही हजार लिटरची! मांडला हिशोब. टाकी आठ मीटरवर, तेव्हा अख्खी रिकामी केली तरी एक मोबाइल जेमतेम एकदा चार्ज होईल. "आणि आंघोळी कशाने करणार?" आईचा आवाज परत आला होता.

ती खोट जाते कुठे? बहुतेक उष्णतेत. त्या ज्यूल नावाच्या शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात हेच तर मोजलं: वजनं खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते बघायचं. १८४७ मध्ये मधुचंद्रालाही स्वारी थर्मामीटर घेऊन आल्प्समधल्या धबधब्याकडे निघाली होती, अशी आठवण त्याचा मित्र विल्यम थॉमसन याने सांगून ठेवलीय. तुझा नवरा मधुचंद्रात क्रिकेटचा स्कोअर बघत होता म्हणून अजून धुसफुसतेस ना? बघ, याहून कठीण नमुने असतात! कोयनेचं पाणी नुसतंच कोसळलं असतं, तर खाली पोचेपर्यंत एखाद्या अंशाने तापलं असतं. ऊर्जा तेवढीच, पण त्या एका अंशावर ना दिवा लागणार, ना चहा होणार.

भाचीला तिथे पटलं. शंभराची नोट मोडून चिल्लर गावभर उधळावी, तसं हे. बेरीज शंभरच, हाती मात्र काही नाही. पंख्याने घेतलेली वीजही शेवटी खोलीतच उष्णता होऊन पसरते. रिकाम्या खोलीत तो खोली गार करत नाही, उलट किंचित तापवतो. ती विखुरलेली ऊब गोळा करून तेवढं पाणी पुन्हा घाटावर चढवणं कोणाला जमायचं नाही. ऊर्जा कुठे जात नाही गं, तिची कामाला येण्याची ऐपत जाते. आई त्या ऐपतीसाठी ओरडते.

तुझं मात्र बरंय. नॉर्वेची वीजही बहुतेक पाण्याचीच, आणि हिवाळ्यात दिव्याची, फ्रिजची, नवऱ्याशी भांडून तापलेल्या डोक्याची, सगळी ऊब घराला हवीच असते. दिवा राहिला चालू, तर तुझ्या विजेच्या हीटरला तेवढं काम कमी. हे भाचीला सांगितलेलं नाही, नाहीतर ती बॅगच भरेल.

आईने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ भरून ठेवलंय, कोणी येणारं असेल तर कळव. आणि या पत्राला नीट उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस. तेवढी ऊर्जा खर्च कर, माझ्याकडे वाया जायची नाही.

तुझीच,
वहीवाली