विश्रामबागवाड्यांतील कचेरी

पुण्यांतील विश्रामबागवाड्यापुढें उभा राहिलों, कीं मला दुसऱ्या बाजीरावाच्या आधीं माझे आजोबा आठवतात. बाजीरावानें हा वाडा १८०७ च्या सुमारास बांधविला. १८१८ त राज्य गेलें. १८२१ त येथें संस्कृत पाठशाळा भरूं लागली, तिचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें. १८७९ च्या आगींत वाड्याचा मोठा भाग जळाला. आणि गेल्या शतकांत कांहीं दशकें येथें नगरपालिकेची कचेरी होती. आजोबा तेथें कारकून होते. बाजीरावाविषयीं माझें मत फारसें चांगलें नाहीं. पण सुरूच्या आकाराचे ते सागवानी खांब कोरणाऱ्या सुतारांपुढें मान आपोआप लवते.

आजोबा खांबांविषयीं कधीं बोलत नसत. ते सांगत तें घरपट्टी भरावयास येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांविषयीं. पेशव्यांचा वाडा म्हणून त्या वहाणा दारांतच काढीत. आजोबा उठून म्हणत, "बाई, वहाणा घाला. आपल्याच पट्टीवर चालणारी कचेरी आहे ही."

स्वतः मात्र ते नोकरी संपेपर्यंत अनवाणीच जिना चढले. मीं एकदां कारण विचारलें. ते म्हणाले, "लांकूड जुनें आहे रे, झिजतें."