पटावर आहे, वर्गात नाही

माझ्या वर्गाच्या पटावर 34 नावे आहेत. वर्गात येतात 33. चौतिसाव्या नावापुढे 'गृहाधारित शिक्षण' असा शेरा आहे. तो मीच लिहिला आणि वर्षभर त्या नावाकडे वळून पाहिले नाही. परीक्षा, अहवाल, पोषण आहाराच्या नोंदी यातून वेळ कुठे मिळतो, अशी स्वतःची समजूत काढत राहिले.

ती नऊ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, जवळजवळ दिसत नाही, बोलता येत नाही. मान सावरायलाही आधार लागतो. मागच्या वर्षी तालुक्याच्या विशेष शिक्षिका तिच्या घरी निघाल्या, तेव्हा मीही सोबत गेले. तिची अम्मी दारातच म्हणाली, "टीचर, इसको कुछ समझता नहीं. आप क्या पढाओगे?"

खरे तर माझाही हाच प्रश्न होता. बी.एड.ला अपंगत्वावर एक प्रकरण होते. व्याख्या पाठ केल्या, गुण मिळाले, विषय संपला.

विशेष शिक्षिकेने पुस्तक काढलेच नाही. भरवण्याआधी त्यांनी स्टीलचा चमचा मुलीच्या तळहातावर ठेवला, तिची बोटे त्याभोवती मिटली आणि म्हणाल्या, "खाना." आंघोळीआधी टॉवेलचा तुकडा, बाहेर नेण्याआधी चप्पल. रोज तीच वस्तू, तोच शब्द, तोच क्रम. ज्या मुलाला दिसत नाही, त्याच्यावर घास, पाणी, उचलणारे हात, सगळे अचानक येऊन आदळते. वस्तू हाताला लागली की पुढे काय होणार ते कळते. भीती कमी होते. तिचे शिक्षण इथून सुरू होणार होते.

अम्मीने ते नेमाने केले. चार महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. चमचा हातात पडला आणि घास येण्याआधीच मुलीने तोंड उघडले. अम्मीने पदराने डोळे पुसले. "मतलब, इसको समझता है."

मग शिक्षिकेने तिच्या एका हाताजवळ चमचा ठेवला, दुसऱ्या हाताजवळ घुंगरू, आणि गप्प बसल्या. मी मनात वीसपर्यंत मोजले. तेव्हा कुठे तिची बोटे घुंगराकडे सरकली. तिला जेवण नको होते, आवाज हवा होता. नऊ वर्षांत तिला 'काय हवे' असे कोणी विचारले नव्हते. वर्गात उत्तरासाठी मी मुलांना तीन सेकंदही थांबत नाही, हे त्या दिवशी लक्षात आले.

घरी येऊन कायदा वाचला. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडता येईल, ही तरतूद शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. म्हणजे घर हा पर्याय आहे आणि निवड कुटुंबाची आहे. अम्मीला विचारले, तर ती म्हणाली, "किसीने पूछाच नहीं." विचारायचे काम माझे होते.

सूरह अबस आपण लहानपणापासून ऐकतो. शिकायला आलेल्या अंध हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, म्हणून ती उतरली. पुढे मदिनेत अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. हा प्रसंग मी मुलांना कितीदा सांगितला असेल. माझ्या पटावरचे नाव मात्र तेव्हा आठवले नाही.

आता दर शनिवारी ती तासभर वर्गात येते. उतार आहे, पण तिला वापरता येईल असे स्वच्छतागृह नाही, म्हणून अम्मीला थांबावे लागते. तासाच्या वर ते जमत नाही. मुले तिच्या खांद्याला हात लावून सलाम करतात आणि तिचे बोट हलेपर्यंत थांबतात. मुलांना हे एका शनिवारी जमले. मला वर्ष लागले.