मळ्यातलं घर

पाडव्याला गावातलं माळवद सोडून मळ्यात राहायला आलो. स्लॅब तापतो, पांढऱ्या मातीचा गारवा इथं नाही. पण रात्रपाळीची लाईट आली की दोन किलोमीटर अंधारात जाणं मिटलं. उठायचं, मोटार चालू करायची.

परवाच्या रब्बीत हरभऱ्याला पाणी देताना पायाजवळ घोणस निघाली. तेव्हापासून हिनं घराचा धोशा लावला. पैसे कमी पडले तर गळ्यातली बोरमाळ काढून दिली. धाकट्यानं स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारलं, स्वतः पत्र्याखाली राहून. आभार मानले तर म्हणतो, "दादा, मी पाव्हणा हाय का?"

आई दर शुक्रवारी जुन्या उंबऱ्यावर दिवा लावायला जाते. गाडीवर मीच सोडतो.