वस्तीची गाडी

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५. दादर

तुतारी एक्स्प्रेस रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे तिकिटावर तारीख शनिवारची आणि फलाटावर हजर व्हायचं शुक्रवारी. बाकावर शेजारी बसलेले गृहस्थ सांगत होते की, त्यांचे मेहुणे एकदा शनिवारी रात्री सहकुटुंब, पुरणपोळ्यांच्या डब्यासह येऊन पोहोचले आणि आदल्या रात्रीच निघून गेलेल्या गाडीची चौकशी करत राहिले. मेहुण्याच्या फजितीची गोष्ट माणूस किती रंगवून सांगतो!

ही पूर्वीची राज्यराणी. २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिचं नाव तुतारी झालं. आई म्हणाली, "केशवसुत मालगुंडचे, आणि मालगुंडला जायला शेवटी एसटीच धरावी लागते."

आई शहात्तर वर्षांची आहे. भाऊ म्हणत होता, ड्रायव्हरसकट गाडी देतो, आरामात फिरा. तिनं नको म्हटलं. गाडी केली की ड्रायव्हर जेवला का याची काळजी दिवसभर आपल्याला, आणि वाटेत चार माणसं बोलायला मिळत नाहीत ती नाहीतच, हे तिचं कारण. अट एकच घातली: जिची पिशवी तिनं उचलायची. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून बंदच, त्यामुळे आज तिचं पूर्ण तिकीट. तिचे हक्क कुडाळ स्टँडवर सुरू होतील.

शनिवार, ८ फेब्रुवारी. देवबाग

कोकण रेल्वेच्या डब्यात "समुद्र कुठून दिसतो हो?" असं विचारणारं कुणीतरी असतंच. दिसत नाही. किनाऱ्याजवळ खाड्या रुंद आणि मुखाशी पूल बांधणं अवघड, म्हणून रूळ आत सरकले. रोहा ते ठोकूर हा जवळजवळ ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला, पण सुट्टीवर निघालेल्याला जिथे जायचं असतं ते बहुतेक वेळा स्टेशनापासून लांबच राहिलं. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर. रत्नागिरी आणि सावंतवाडीची तर स्टेशनंसुद्धा गावाबाहेर. मुंबईहून कुडाळपर्यंतचा प्रवास सगळ्यांना ठाऊक असतो. लोक अडकतात ते या शेवटच्या तीस किलोमीटरांत, आणि तिथेच गाडी करून मोकळे होतात.

स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्यानं थेट देवबागचा जो आकडा सांगितला, तो ऐकून आईनं त्याला गंभीरपणे विचारलं, "रिक्षासकट?" तो हसला आणि आम्हाला वाजवी पैशांत स्टँडवर सोडून गेला.

मालवण गाडीत कंडक्टरनं आईकडे पाहून विचारलं, "आजी, आधारकार्ड आसा मां?" पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत, त्यांनाही तिकीट मिळतं, शून्य रुपयांचं. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं. आईनं ते शून्याचं तिकीट नीट घडी करून पाकिटात ठेवलं. पूर्ण पैसे भरलेलं तिकीट ती कधी इतकं जपत नाही. मागच्या बाकावर भाडेवाढीची चर्चा चालली होती. पंचवीस जानेवारीपासून जवळजवळ पंधरा टक्के वाढ झाल्यामुळे ती अजून ताजी आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं चढतं, त्यामुळे एक थांबा अलीकडे उतरून पुढचं चालत गेलं तर किती वाचतात, याचा हिशेब एकजण मोठ्यानं करत होता. त्याला उतरायचं होतं पेंडूरला आणि त्याच्याजवळ तांदळाचं पोतं होतं.

मालवण स्टँडवर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेच्या जादा गाड्यांची बोलणी. या जत्रेची तारीख पंचांगात नसते, कौल घेऊन ठरते. ती ठरली की रेल्वे आणि एसटी दोघींची धावपळ. देवबागची गाडी फलाटावर दिसेना. चौकशीच्या खिडकीत विचारलं, तर आतून एकच शब्द आला, "येतली." आली.

रविवार, ९ फेब्रुवारी. देवबाग

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची अरुंद पट्टी. टोकाला उभं राहिलं की समोर भोगवे दिसतं. होडीनं काही मिनिटं. रस्त्यानं जायचं तर मागे फिरून कर्लीवरच्या पुलापर्यंत मोठा वळसा. नकाशातलं अंतर आणि कोकणातलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संध्याकाळी मुक्कामाची गाडी आली. चालक-वाहक दोघं हातपाय धुऊन आमच्या घरमालकांच्या पडवीत चहाला बसले. मी वाहकाला म्हटलं, सकाळी दहाला इथून मालवणला गाडी का नाही? आणि मालवणात राहणाऱ्याला दिवसभर इथे फिरून संध्याकाळी सातला परत जायचं असेल, तर?

तो म्हणाला, "तुमी भायरले लोक उलटे फिरतास. सकाळी गावात येतास नि सांजचे मालवणाक जातास. आमची गाडी सकाळी मालवणाक जाता नि सांजची गावात येता."

कोकणात कितीदा आले, पण वेळापत्रक असं कधी वाचलं नव्हतं. गावातली गाडी शाळा-कॉलेजच्या पोरांची, तहसील कचेरीत दाखल्यासाठी जाणाऱ्यांची, मासळी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांची. ती पहाटे गावातून निघते, दिवसा लांब कुठेतरी दुसरी फेरी मारते आणि रात्री वस्तीला परत येते. पर्यटक मात्र तालुक्याच्या ठिकाणी खोली घेतो, कारण तिथे हॉटेलं आहेत, स्टँड आहे. आणि सकाळी साडेनऊला न्याहारी करून स्टँडवर येतो, तेव्हा सोयीची गाडी विरुद्ध दिशेनं येऊन रिकामी झालेली असते. मग "कोकणात बस नाहीत हो" असं म्हणून तो दिवसाचे अडीच हजार मोजतो. गाडी असते. खोली गावात घेतली, तर तीच वेळ आपली होते. पहाटे साडेसहाच्या गाडीला उठावं लागतं हे कबूल, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीला उन्हाआधी बसता येतं, हा त्यातला फायदा.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझ्या आजोळीसुद्धा रात्रीची गाडी शाळेच्या मैदानात उभी राहायची. वाहकाला आमटी जायची आमच्याकडून.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहाटेची गाडी, किल्ला, दुपारी जेवण, झोप. गडावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे होडीवाल्याकडून पुन्हा ऐकलं. "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास घ्यावा का, असा प्रश्न एका पुण्याच्या जोडप्यानं विचारला. माझं मत: रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर तोडणाऱ्यानं घ्यावा. आमच्यासारख्या पंधरा-वीस किलोमीटरच्या उड्या मारणाऱ्यांना, त्यातून अर्धं तिकीट असणाऱ्यांना, तो महाग पडतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी. शिरोडा

काल वेंगुर्ल्यात, आज इथे. वेंगुर्ला–शिरोडा गाड्या बऱ्यापैकी आहेत. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षं शिक्षक होते. आईला ती शाळा बघायची होती. मग मिठागरं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह इथेही झाला. फेब्रुवारीत मिठाचे लहान ढीग उन्हात इतके चमकतात की डोळे मिटावे लागतात. वेळागरच्या सुरूच्या बनातून परत येताना विनंती थांब्यावर हात केला, गाडी थांबली. असं हात दाखवून थांबणारं मोठं वाहन शहरात आता उरलेलं नाही, याचं आईला फार कौतुक. मला तर गाडी थांबेपर्यंत खात्रीच नसते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. पणजी

आजचा दिवस मी मुद्दाम शुक्रवार धरून आखला होता, कारण म्हापशाचा बाजार शुक्रवारचा.

सिंधुदुर्गातून गोव्यात जायला सरळ मार्ग सावंतवाडी-बांदा-पत्रादेवी. आम्ही दुसरा धरला: शिरोड्याहून रेडीपर्यंत एसटी, पुढे रिक्षानं तेरेखोल. तेरेखोल गोव्याचं, पण नदीच्या अलीकडच्या, म्हणजे आपल्या, काठावर. त्यामुळे राज्य बदलतं आणि नदी ओलांडायची बाकीच राहते. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा; १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रह्यांनी आत शिरून त्यावर तिरंगा चढवला. किल्ल्याखाली धक्का, समोर केरी, आणि मधे गोवा सरकारची फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही. बोट काठाला लागली की लोखंडी फळी वाळूवर धपकन पडते, दुचाकी आधी उतरतात, मग माणसं. वरच्या रेलिंगला टेकून उभ्या असलेल्या एका आजींनी आईला विचारलं, "खंयच्यो तुमी?" आणि पलीकडे पोहोचेपर्यंत दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांचा इतिहास आटोपला.

महाराष्ट्राची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. केरीहून म्हापशाला जाणाऱ्या खासगी मिनीबसमध्ये आईला पुरं तिकीट पडलं आणि तिनं ते अन्याय झाल्यासारखं दिलं. गोव्यातल्या या मिनीबस म्हणजे वेगळंच प्रकरण. दारात लटकलेला कंडक्टर मुठीतली नाणी वाजवत "म्हापसा म्हापसा म्हापसा" ओरडतो, बस भरलेली असली तरी "फाटीं वच, फाटीं वच" करत अजून सहाजणांना आत घेतो, आणि कोण कुठे चढलं हे त्याला बरोबर आठवतं. वेळापत्रक नाही, पण दिवसा फार थांबावंही लागत नाही. बस गेली तर मागून दुसरी येते, कारण दोघांचे मालक वेगळे आणि प्रवासी तेवढेच. ड्रायव्हर ज्या तऱ्हेनं पुढच्या बसला गाठतो, त्यावरून हे लगेच कळतं.

म्हापशाच्या बाजारात हळदोण्याच्या मिरच्या आणि मयड्याची केळी. केळ्यांचा घड पाहून मी आईला तिच्या पिशवीच्या अटीची आठवण दिली. तिनं सहाच घेतली.

म्हापसा–पणजी कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, शटल: खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, बस भरली की सुटते, मधे थांबत नाही, आत कंडक्टरच नाही. पणजी–मडगाव आणि पणजी–वास्को मार्गांवरही हीच रीत. इतकी साधी आणि चोख व्यवस्था पर्यटकांना फारशी माहीत नसते, याचं मला नवल वाटतं. त्यांना किनाऱ्यावर दिसते ती काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची स्कूटर, नाही तर टॅक्सी.

गोव्याची अडचण निराळी. इथे बस दिवसभर आहेत आणि रात्री आठनंतर विरळ होत जातात. बाहेरून आलेल्यांचा गोवा मात्र आठलाच सुरू होतो. त्यांची टॅक्सीबद्दलची तक्रार बरीचशी या दोन घड्याळांच्या मधली आहे. आम्ही साडेसातला जेवून घेतो, त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी. पणजी

रविवारी खासगी बस निम्म्या. जुन्या गोव्याच्या बससाठी बराच वेळ उभ्या राहिलो. तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की दिवाडीच्या फेरीबोटीचा धक्का. दिवाडी बेट आहे, पूल नाही, म्हणून सगळं काही बोटीवरून जातं: पाववाल्याची सायकल, गॅस सिलिंडरचा टेम्पो, प्रार्थनेला निघालेली इस्त्रीचे कपडे घातलेली कुटुंबं. एका मुलानं बोटीवर मोबाइलमधून डोकं वर काढून आम्हाला विचारलं, "स्कूटर नाय? मग वयर कशे वतले?" पिएदादचं चर्च टेकडीवर आहे. चढून गेलो. आई दोनदा बसली, एकदा मी.

पणजीकर सांगतात की, मांडवीवरचा नेहरू पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, तेव्हा पणजी–बेती फेरीबोटींवर सगळ्या उत्तर गोव्याचा भार आला होता. आता मांडवीवर एकापाशी एक पूल आहेत, तिसरा २०१९ चा. बेतीची बोट तरीही चालूच आहे. जुन्या सचिवालयाच्या बाजूनं उतरून ऑफिसात जाणाऱ्याला पुलावरून फिरून येण्यापेक्षा ती जवळ पडते.

सोमवार, १७ फेब्रुवारी. मांडवी एक्स्प्रेसमध्ये

मडगावला न जाता करमळीला गाडी धरली. जुन्या गोव्यापासून करमळी स्टेशन अगदी जवळ आहे. पणजीहून बसनं जुन्या गोव्यापर्यंत यायचं आणि तिथे पायलट करायचा. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, मडगार्ड पिवळा. बस सोडली तर गोव्यातलं हे स्वस्त आणि झटपट वाहन. मी दोन सांगितले. आई साडीत, एका बाजूला बसणार म्हणाली. पायलट नको म्हणाला. पाच मिनिटं त्यांचं बोलणं झालं, त्यात त्याच्या आईची चौकशी झाली, आणि शेवटी ती त्याच्या मागे तिला हवी तशीच बसली. स्टेशनावर मी पोहोचले तेव्हा ती आधीच बाकावर होती. "सावकाश चालवतो," म्हणाली. मी तिच्या मागूनच येत होते; तो सावकाश चालवत नव्हता.

मांडवीत दर दहा मिनिटांनी कुणीतरी काहीतरी खायला घेऊन येतं, त्याबद्दल ही गाडी प्रसिद्धच आहे. कटलेट, भजी, मग आणखी कटलेट. समोर चिपळूणचे एक शिक्षक बसले आहेत. आईनं त्यांच्याकडून दाभोळ–धोपावे फेरीबोटीची माहिती काढायला घेतली. त्यांनी उत्साहानं सांगितलं: दापोलीकडून आलेल्यानं दाभोळला बोटीत बसायचं, पलीकडे धोपावे, तिथून गुहागर, खाडीचा सगळा वळसा वाचतो, मोटारीसुद्धा जातात बोटीवर. आईनं विचारलं, धोपाव्याला उतरल्यावर गुहागरची एसटी किती वाजता, आणि ती रात्री वस्तीला कुठल्या गावात जाते? ते नेहमी स्वतःच्या मोटरसायकलवरून जातात, त्यांना ठाऊक नव्हतं. कणकवली आलं, गाडी थांबली, आणि आईनं आता खिडकीजवळ नव्यानं येऊन बसलेल्या बाईंना तेच विचारायला घेतलं आहे.