अपुरी कादंबरी आणि तिचे वाचक

ज्या शब्दाने आपण मराठी माणसे एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला ओळखतो, त्या ‘कादंबरी’ या शब्दाचे मूळच एका अपुऱ्या ग्रंथात आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने रचिलेली संस्कृत ‘कादंबरी’ त्याच्या हातून पुरी झाली नाही. तिचा उत्तरभाग त्याच्या पुत्राने, भूषणभट्टाने, लिहिला. कथा अर्धवट राहिल्याचे सज्जनांना दुःख होते म्हणून हे काम मी हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, अशा आशयाचे निवेदनही त्याने आरंभी केले आहे. अपुऱ्या कथेविषयी वाचकाला वाटणारी हळहळ ही आपल्याकडे इतकी जुनी आहे.

ही हळहळ आमच्या नंदिनी नगरात अलीकडे पुन्हा जागी झाली, ती हरि नारायण आपटे यांच्या ‘कर्मयोग’ या कादंबरीमुळे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडक पुरविणाऱ्या खाणीभोवती वसलेली ही वसाहत. येथे मराठी घरे थोडी, आणि तीही बदलीच्या हुकुमाने येणारी-जाणारी. त्यांतली काही मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसून मराठी पुस्तक वाचतात. ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमूची आत्मकहाणी वाचून झाल्यावर याच लेखकाचे आणखी काही वाचावे असे सर्वांना वाटले, आणि ‘कर्मयोगा’चे नाव निघाले. ती कादंबरी अपुरी आहे हे कळताच मात्र मंडळींत तट पडले.

हरिभाऊंची लेखनाची रीत ध्यानात घेतल्याशिवाय या वादाचे मर्म कळावयाचे नाही. १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी पुण्यास ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ते सुमारे २७ वर्षे चालविले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या याच पत्रातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडल्या. पुढचे प्रकरण लिहिले जात असतानाच मागचे वाचकांच्या हाती पडलेले असे. त्याच वेळी आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापन आणि पुण्याच्या नगरपालिकेचे काम हेही त्यांच्या अंगावर होते. १९१२ साली अकोल्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘कर्मयोग’ त्यानंतरची. १९१७ साली ‘करमणूक’ बंद पडले, ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ निवर्तले, आणि कादंबरी होती तेथेच राहिली.

आमच्या मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा विरोध सर्वांत ठाम होता. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली आहेत; डोळ्यांची शस्त्रक्रियाही होऊन गेली आहे. ते म्हणाले, “माझ्यापाशी वाचनाची किती वर्षे उरली आहेत ते मला ठाऊक नाही. जी आहेत, ती ज्याला शेवट आहे अशा पुस्तकांना द्यावी असे मी ठरविले आहे.” या बोलण्यावर कोणाला चटकन उत्तर सुचले नाही. ते रसिकतेच्या अभावाचे बोलणे नव्हते. तो आयुष्याचा हिशेब होता.

एका तरुण अभियंत्याचे म्हणणे अगदी उलट होते. अपुरे आहे तर पुरे करावे, त्यात काय अडचण आहे, असा त्याचा सवाल. चार्ल्स डिकन्सचे त्याला पाठबळ होते. डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला, तेव्हा ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ या कादंबरीच्या नियोजित १२ भागांपैकी ६ लिहून झाले होते. त्यानंतर अनेकांनी तिला शेवट जोडले. १९१४ च्या जानेवारीत तर लंडनला तिच्यातील संशयितावर लुटुपुटीचा खटला भरला. चेस्टर्टन न्यायाधीश झाला आणि शॉ पंचांचा प्रमुख. परंतु ड्रूड ही रहस्यकथा आहे, तिथे उत्तर शोधण्याचा खेळ शक्य होतो. ‘कर्मयोग’ या नावाने जो प्रश्न पुढे ठेवला, त्याचा निकाल पंच बसवून लागावयाचा नाही.

तिसरे मत एका भगिनीचे. पतीच्या नोकरीमुळे त्यांनी सहा गावे पाहिली. त्या हसून म्हणाल्या, “प्रत्येक गावी एखादी मैत्री अर्ध्यावर टाकूनच निघावे लागले. म्हणून काय ती मैत्री नव्हती म्हणायचे?” या प्रश्नाने वाद मिटला नाही, पण त्याचा सूर बदलला.

मला स्वतःला वाटते ते असे. कचेरीत आम्ही ‘प्रलंबित’ आणि ‘अपूर्ण’ यांत भेद करतो. प्रलंबित प्रकरणात कोणाच्या तरी निर्णयाची वाट पाहावयाची असते. अपूर्ण प्रकरणात माहितीच कमी असते. हरिभाऊंची कादंबरी मला पहिल्या जातीची वाटते. ‘मी’मधील भावानंदाने संसार बाजूला सारून लोकसेवेचे व्रत घेतले, तेव्हाच त्यांनी हा विषय हाती धरला होता. आयुष्याच्या उतरणीवर ते पुन्हा त्याच विषयाकडे वळले, हीच गोष्ट मोलाची आहे. त्याच पुण्यात, त्याच काळात, टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. कर्मयोगशास्त्राचा तो ग्रंथ पूर्ण आहे, सिद्धान्तासह आहे. पुढे रायपूरच्या माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत नेला, म्हणून आपल्या या प्रांतालाही तो परका नाही. शास्त्राला सिद्धान्तापाशी थांबता येते. कादंबरीकाराला मात्र तो सिद्धान्त हाडामांसाच्या माणसांच्या हातून आचरून दाखवावा लागतो, आणि ते काम फार अवघड आहे.

हरिभाऊंच्या मृत्यूपूर्वी अवघा सव्वा महिना, २३ जानेवारी १९१९ रोजी, आपल्या नागपूरजवळच्या सावनेर येथे राम गणेश गडकरी गेले आणि ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. ते नाटक अपुरे आहे म्हणून कोणी मराठी वाचक ते टाकून देत नाही. मग कादंबरीलाच वेगळा न्याय का? एक कारण दिसते. नाटकाचा एखादा प्रवेश स्वतःच्या पायांवर उभा राहतो. कादंबरीचे प्रकरण पुढच्या प्रकरणाच्या भरवशावर लिहिलेले असते. तो भरवसा तुटला की वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. वडीलधाऱ्या गृहस्थांचा आक्षेप याच जागी खरा आहे, आणि तो मी खोडून काढू इच्छीत नाही.

मात्र एवढे सुचवावेसे वाटते की, शेवट हाच ज्याला पुस्तकाचा मोबदला वाटतो त्याने ‘कर्मयोग’ खुशाल दूर ठेवावी. लेखक विचार कसा करतो हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याने ती जरूर उघडावी. पुऱ्या कादंबरीत लेखकाच्या अडचणी शेवटच्या प्रकरणाआड झाकून जातात. अपुरीत त्या उघड्या राहतात. आमच्या खाणीतला चुनखडक झोतभट्टीत जातो, लोखंडातील मळ आपल्याकडे ओढून घेतो आणि मळीबरोबर बाहेर पडतो. तयार लोखंडात तो शोधून सापडत नाही. पण त्याच्यावाचून ते लोखंड शुद्धही होत नाही. पुढच्या मराठी कादंबरीसाठी हरिभाऊंच्या अपुऱ्या प्रयत्नाने असे काही केले असेल, तर त्याची पावती देण्याइतके वाचन आपल्याकडून व्हावयास हरकत नाही.